दोन तापमानांचं अंडं

अंड्याचा पांढरा भाग आणि पिवळा बलक एकाच कवचात राहतात, पण शिजायची वेळ आली की त्यांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही. बलक ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास दाट व्हायला लागतो आणि ७० अंशांना पुरता घट्ट होतो. पांढऱ्याचं तंत्र वेगळं. त्यातली काही प्रथिनं साठीच्या पुढे गेल्याबरोबर गोठू लागतात, पण ज्याचा त्यात निम्म्याहून जास्त वाटा असतो ते ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन ८० अंशांपर्यंत पोचल्याशिवाय दाद देत नाही. म्हणजे पांढरा भाग नीट शिजवायचा तर त्याला ८० अंशांच्या वर न्यायला हवं, आणि बलक वाहता ठेवायचा तर त्याला ७० अंशांच्या खाली रोखायला हवं. आणि दोघांच्या मध्ये काय आहे, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक पापुद्रा.

इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०२५ साली या कोड्याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. अंडं कवचासकट दोन भांड्यांत आलटून पालटून ठेवायचं. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग दोन मिनिटं ३० अंशांच्या कोमट पाण्यात, पुन्हा उकळत्या पाण्यात, असं एकूण ३२ मिनिटं. बाहेरचा पांढरा भाग सतत तापतो आणि निवतो. आत बलकापर्यंत मात्र या चढउताराची नुसती सरासरी पोचते, आणि तो ६७ अंशांच्या आसपास स्थिर राहतो. एका उकडलेल्या अंड्यासाठी एवढं गणित मांडलं गेलं, उष्णता कवचातून आत कशी झिरपते याची समीकरणं सोडवली गेली, हे वाचताना मला मनापासून आनंद झाला. आणि त्याहून मोठं आश्चर्य याचं वाटलं, की याच कोड्याचं एक वेगळं उत्तर ट्युनिशियातल्या घराघरांत एका पसरट तव्यात पाच-सात मिनिटांत मिळतं. तिथे कवच नसतं, दोन भांडी नसतात. पाण्याऐवजी टोमॅटोचा मसालेदार रस असतो.

शकशुका हे नाव आता मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये सहज दिसतं. कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण तेलात परतायचे, टोमॅटो घालून आटवायचे, तिखट आणि जिरं घालायचं, त्या दाट रसात जागा करून अंडी फोडून सोडायची, आणि झाकण ठेवायचं. वर्णन एवढंच. पण यातली प्रत्येक पायरी अंड्याच्या त्या दुहेरी हट्टाशी जोडलेली आहे, आणि क्रम बदलला तर पदार्थ बिघडतो.

या पदार्थाचं घर उत्तर आफ्रिकेत आहे. ट्युनिशिया, अल्जीरिया, लिबिया हा तो पट्टा. ट्युनिशियात त्याला हरिसाची जोड असते. वाळवलेल्या लाल मिरच्या भिजवून, लसूण, धणे आणि शहाजिऱ्याच्या जवळच्या वासाचं कॅरवे घालून वाटलेली, ऑलिव्ह तेलात मुरवलेली ही चटणी. तिला आणि ती करण्याच्या रीतीला २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. तिथेच ओज्जा नावाचं याचं एक जास्त झणझणीत भावंड आहे, त्यात मर्गेझ नावाचे मसालेदार सॉसेज पडतात. १९५० च्या दशकात ट्युनिशिया आणि लिबियातून ज्यू कुटुंबं इस्रायलमध्ये आली आणि त्यांच्याबरोबर हा तवाही आला. जाफा शहरात ‘डॉक्टर शकशुका’ नावाचं रेस्टॉरंट आहे, ते मूळच्या लिबियातल्या त्रिपोलीच्या कुटुंबाचं. आज जगातले बरेच लोक शकशुकाला इस्रायली न्याहारी म्हणून ओळखतात, पण ट्युनिस आणि त्रिपोलीचा हक्क आधीचा आहे, आणि तो सांगितला गेला पाहिजे असं मला वाटतं.

इथे मराठीचाही एक धागा लागतो. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू, ज्यांना रायगडच्या गावांतून ‘शनवार तेली’ म्हणत, ते याच काळापासून इस्रायलला जायला लागले. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत ते स्थिरावले. दिमोना हे वाळवंटातलं गाव १९५५ साली वसलं, तेव्हा तिथे पहिल्यांदा राहायला आले ते मुख्यतः मोरोक्कोचे ज्यू. म्हणजे उत्तर आफ्रिकेची अरबी आणि रायगडची मराठी एका गावात शेजारी नांदल्या आहेत. इस्रायलमधले मराठीभाषक ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही काढत आले.

आता तव्यात काय काय जमलंय ते पाहा. टोमॅटोचा रानटी पूर्वज पेरू आणि इक्वेडोरमध्ये अजूनही उगवतो, त्याची फळं सेंटीमीटरभराची असतात. त्याला मोठं केलं मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने अ‍ॅझ्टेकांच्या बाजारात टोमॅटो आणि मिरची एकत्र करून विकल्या जाणाऱ्या रस्स्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. मिरचीही तिकडचीच. कोंबडी मात्र अगदी उलट्या दिशेची. आग्नेय आशियातल्या रानकोंबडीपासून ती माणसाळली, आणि थायलंडमधल्या बान नोन वाट या जागी सापडलेली, आजपासून साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं ही पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं आहेत असं २०२२ साली संशोधकांनी मांडलं. भाताच्या शेतातले दाणे टिपायला रानकोंबड्या आल्या आणि माणसाजवळ राहिल्या, असा त्यांचा तर्क आहे. जिरं पूर्व भूमध्य प्रदेशातलं, कांदा मध्य आशियातला, ऑलिव्ह भूमध्याच्या काठचा. १४९२ च्या आधी पृथ्वीवर कुठेही हा पदार्थ कुणाला करता आलाच नसता. त्याचं साहित्य एका खंडावर नव्हतंच.

आणि तरी चव अशी, की जणू हे सगळं कायमच एकत्र होतं. त्याचं कारण टोमॅटोच्या आत आहे.

टोक्योच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या पाचव्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. ही चव आणखी कशाकशात लागते हे सांगताना त्याने चीज आणि मांसाच्या बरोबरीने टोमॅटोचं नाव घेतलं होतं. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं. त्यातही ते असतं कुठे, ही गंमत आहे. २००७ साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की बाहेरच्या जाड गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेट कितीतरी जास्त असतं. नेमका तोच भाग ‘पाणी सुटतं’ म्हणून पुष्कळदा खरवडून टाकला जातो. शकशुका करताना तो टाकू नका. पाणी आटवता येतं, चव परत आणता येत नाही.

टोमॅटो निवडताना मी हाताला किंचित मऊ लागणारे, देठापर्यंत लाल झालेले घेते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये भरून दूर जाणारा माल टणक असावाच लागतो, नाहीतर ट्रकमध्ये त्याचा चिखल होईल. कोशिंबिरीला तो उत्तम. इथे मात्र रस हवा आणि आंबटपणा हवा, म्हणून टणक टोमॅटो दोन-तीन दिवस टोपलीत पिकू द्यावेत, फ्रीजमध्ये नव्हे. चार अंड्यांना सहा मध्यम टोमॅटो, दोन कांदे, एक लाल ढोबळी मिरची, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि तीन टेबलस्पून तेल हे प्रमाण मला योग्य वाटतं. तेलात काटकसर केली तर पुढे सांगितलेली एक महत्त्वाची खूण दिसणारच नाही.

कांदा आणि ढोबळी मिरची आधी, टोमॅटो नंतर. हा क्रम का, ते मराठी स्वयंपाकघराला वेगळं सांगायला नको. डाळ अर्धीकच्ची असताना आमटीत चिंच पडली की ती डाळ मग कितीही उकळा, टणकच राहते. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या पेक्टिन आणि त्याच्या सोबतच्या धाग्यांमुळे. साध्या पाण्यात, उष्णतेने हे धागे सुटतात. आंबट पाण्यात ते सुटायला फार वेळ लागतो. म्हणून कांदा मऊ, गोडसर आणि कडेला सोनेरी व्हायला लागेपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटं, त्याला टोमॅटोपासून लांब ठेवायचं. घाई केली तर शेवटच्या घासापर्यंत कांदा दाताखाली कचकच करत राहतो.

मग लसूण, आणि मग सुका मसाला थेट तेलात. मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. जिऱ्याचा वास आणि मिरचीचा लाल रंगही तेलाचेच सोबती. आपली फोडणी याच तत्त्वावर उभी आहे. फक्त ती जळू द्यायची नाही. तिखट घालताना गॅस अगदी बारीक करून अर्ध्या मिनिटात टोमॅटो ओतले की टोमॅटोचं पाणी तापमान एकदम खाली आणतं. ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट घेतलं तर रंग येतो आणि आग होत नाही. हरिसा मिळाला तर एक मोठा चमचा तो.

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. पुढची वीस मिनिटं म्हणजे या पाण्याचा हिशेब. उष्णतेने पेशींच्या भिंती फुटतात, आतला लायकोपिन हा लाल रंग बाहेर पडतो आणि तेलात उतरतो. शिजवलेल्या टोमॅटोतून शरीराला लायकोपिन कच्च्यापेक्षा सोपं मिळतं ते यामुळेच. रस आधी पातळ असतो, मोठमोठे बुडबुडे येतात. मग तो आळत जातो, आणि बुडबुड्यांना वर यायला जड जातं. ते तळाशी मोठे होतात आणि एकदम फुटून उडतात. दाट रस अंगावर उडतो तो याच कारणाने. शेवटी कडेकडेने तेल सुटतं. आपण ‘तेल सुटेपर्यंत परता’ असं पिढ्यानपिढ्या सांगतो. ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर मोजमाप आहे. पाणी भरपूर असताना तेलाचे बारीक थेंब त्यात अडकून राहतात. पाणी एका मर्यादेखाली गेलं की त्यांना वेगळं ठेवणारं काही उरत नाही, ते एकमेकांत मिसळून वर येतात. घड्याळ न बघता, थर्मामीटर न लावता पाण्याचं प्रमाण कळतं.

या टप्प्यावर मी मुद्दाम अर्धी वाटी गरम पाणी घालते. त्याचं कारण हा सगळा लेख लिहिण्यामागचं कारण आहे.

पाणी जोवर आहे तोवर रसाचं तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. खाली कितीही आच लावा, जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते. तेलात अंडं तळताना असा पहारा नसतो. तव्यावरचं तेल दीडशेच्या पार सहज जातं, पांढऱ्याच्या कडा तपकिरी आणि चिवट होतात, आणि वरचा थर अजून कच्चाच असतो. उकळत्या पाण्यात अंडं फोडून सोडलं तर तापमानाचा प्रश्न सुटतो, पण पातळ पाणी अंड्याला धरून ठेवत नाही. पांढऱ्याच्या चिंध्या होतात. टोमॅटोचा आटलेला रस दोन्ही बाजूंनी योग्य ठिकाणी उभा आहे. त्याच्यात पाणी आहे म्हणून तो शंभराच्या वर तापत नाही, आणि तो दाट आहे म्हणून अंड्याला केलेली जागा मोडत नाही.

आता चमच्याच्या पाठीने रसात आळी करायची, तळ दिसेल न दिसेल इतकी खोल. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, म्हणजे कवचाचा तुकडा पडला किंवा बलक फुटला तर कळतं. अंडं ताजं असेल तर पांढरा भाग उंच, गुठळीसारखा राहतो. शिळं होत जातं तसा कवचातल्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून आतला कार्बन डायॉक्साइड बाहेर जातो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि त्याची दाट जाळी सैल पडते. अशा अंड्याचा पातळ झालेला पांढरा भाग रसात पसरून त्याला गढूळ करतो. मोठ्या गाळणीवर अंडं क्षणभर धरलं तर तेवढा पातळ भाग गळून जातो आणि उरलेलं अंडं एकसंध बसतं. हा छोटासा उपाय करून पाहण्यासारखा आहे.

अंडं आळ्यात ओतलं की गॅस मंद करा आणि दोन मिनिटं झाकण न ठेवता नुसतं बघा.

पांढरा भाग अजून पारदर्शक असतो, त्यातून खालचा लाल रस दिसतो. आणि मग रसाला टेकलेल्या कडेने एक दुधी रेघ उमटते. सगळीकडे एकदम नाही, जिथे रस थोडा जास्त तापलाय तिथे आधी. ती रेघ आत सरकू लागते. कच्च्या अंड्यातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे लोकरीचा घट्ट गुंडाळलेला गुंडा, इतका लहान की प्रकाश त्याला न अडखळता पार जातो. उष्णतेने गुंडा उलगडतो, लांब झालेले धागे एकमेकांत अडकतात, मधे पाणी कोंडलं जातं. ही जाळी प्रकाशाला सगळ्या दिशांना विखुरते, आणि आपल्याला पांढरं दिसतं. पारदर्शक अंडं पांढरं होताना बघणं म्हणजे हे विणकाम डोळ्यांसमोर चालू असताना बघणं. ते पूर्णपणे उलट फिरवता येत नाही, पण थोडंसं येतं. उकडलेल्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे एक प्रथिन युरिया आणि वेगाने फिरणारी नळी वापरून पुन्हा मूळ घडीत आणणाऱ्या अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना २०१५ साली रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं.

कडेने आधी का? उष्णता आहेच, शिवाय टोमॅटोचा आंबटपणा आहे. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो. त्यातल्या प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो, आणि सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात. टोमॅटोचा पीएच साडेचारच्या आसपास. त्याच्या संपर्कात आल्यावर हा भार कमी होतो, दूर लोटणं थांबतं, आणि प्रथिनं कमी तापमानालाच एकमेकांना भेटतात. पनीर करताना गरम दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं त्यामागेही हाच भाराचा खेळ आहे. अंड्याच्या बाबतीत यातून आणखी एक गोड गोष्ट घडते. प्रथिनं पूर्ण उलगडण्याआधीच जोडली जातात, आणि एकमेकांना करकचून बांधणारे गंधकाचे बंध आंबट वातावरणात कमी पडतात. म्हणून अन्नाच्या रसायनावर लिहिणारे हॅरल्ड मॅक्‌गी सांगतात की आंबट आणि मीठ अंड्याला लवकर गोठवतात, पण मऊ ठेवतात. रसाला टेकलेला पांढरा भाग चमच्याने कापून पाहा. तो तळलेल्या अंड्यासारखा ताणला जात नाही, अलगद तुटतो.

बलक या वेळी काय करत असतो? बलकात एक तृतीयांश स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे तो पांढऱ्यापेक्षा किंचित हलका. आळ्यात तो तरंगून वर येतो. म्हणजे तापलेल्या तळापासून सगळ्यात लांबची जागा त्याला आपोआप मिळते, आणि मधल्या पांढऱ्या थरातून उष्णता सावकाश चढत राहते. नेपल्सच्या प्रयोगात जे काम पाण्याच्या दोन भांड्यांनी केलं ते इथे हे अंतर करतं.

पण मग बलकाभोवतीचा वरचा पांढरा भाग कच्चा राहतो. त्यासाठी झाकण. एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवलं तर एक कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ थंड पृष्ठभागावर बसून तिचं पाणी झालं तर ती सुमारे ५४० कॅलरी देते. झाकणाखाली कोंडलेली वाफ अंड्याच्या थंड पृष्ठभागावर अशी बसत जाते आणि वरच्या पातळ थराला काही क्षणांत शिजवते. बलकावर धुक्यासारखी पांढुरकी झिलई येते ती हीच. मघाशी घातलेलं अर्धी वाटी पाणी इथे कामाला येतं. रस कोरडा असता तर वाफच मिळाली नसती. काचेचं झाकण असेल तर उत्तम. झाकण ठेवल्यापासून तीन ते पाच मिनिटं, आणि पांढरा भाग अजून किंचित थरथरत असतानाच गॅस बंद करायचा. दाट रसात उष्णता टिकून असते, ताटात येईपर्यंत ती उरलेलं काम करते.

लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर बलक पूर्ण घट्ट होऊ द्यावा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते, आणि तिथे चवीपेक्षा काळजी मोठी.

भांड्याबद्दल एक सूचना. टोमॅटोचा रस वीस मिनिटं आटवायचा आहे, तर लोखंडी तवा किंवा कढई टाळा. आंबटामुळे लोखंड रसात उतरतं, चव धातूसारखी लागते, आणि तव्यावर महिनोन्‌महिने जमवलेला तेलाचा थर उखडतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमलाही आंबट चालत नाही. पितळेची कढई असेल तर तिला कल्हई हवीच. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतो, हे जुन्या बायकांना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. जाड बुडाचं स्टीलचं पसरट भांडं सगळ्यात निर्धोक.

खाताना बलक फोडला की तो रसात वाहतो, आणि जिभेवरची आग एकदम निवते. यामागे २०२१ च्या नोबेलचा विषय आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीचं कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या कोणत्या ग्राहकाला चेतवतं हे शोधलं. तो टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक आहे, आणि तोच ४३ अंशांच्या वरच्या खऱ्या उष्णतेलाही जागा होतो. म्हणून मेंदूला मिरची ‘भाजल्यासारखी’ वाटते, आणि म्हणूनच गरम गरम तिखट रस थंडपेक्षा जास्त झोंबतो. बलकातली स्निग्धता कॅप्सेसिन स्वतःकडे ओढून घेते. वाहता बलक जपण्याची एवढी धडपड फक्त दिसण्यासाठी नाही. ट्युनिशियात हा रस पावाने टिपून खातात, तव्यातूनच. आपल्याकडच्या लादीपावाला हे काम उत्तम जमतं.

याच कल्पनेची भावंडं जगभर विखुरली आहेत. तुर्कस्तानातल्या मेनेमेनमध्ये अंडी रसात ढवळून टाकतात, आणि त्यात कांदा घालावा की नाही यावर तिथे आजही हिरिरीने वाद होतो. नेपल्समध्ये टोमॅटोत सोडलेल्या अंड्यांना ‘पर्गेटरीतली अंडी’ म्हणतात, म्हणजे नरक आणि स्वर्गाच्या मधल्या लाल ज्वाळांतली. मुंबईच्या पारशी घरांत ‘टमेटा पर ईडू’ आहे, आणि पारशी तिथेच थांबले नाहीत. भेंडीवर अंडं, बटाट्याच्या सळीवर अंडं, उरलेल्या जवळजवळ कुठल्याही भाजीवर अंडं फोडून झाकण ठेवायचं. मला ही पद्धत फार आवडते. भेंडीचा बुळबुळीतपणाही आंबटाने आटोक्यात येतो, म्हणून भेंडीत टोमॅटो किंवा थोडा व्हिनेगर असतोच.

आणि आपल्या घरचं फोडलेल्या अंड्यांचं कालवण. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, कांदा-लसूण मसाला, रस्सा रटरटायला लागला की त्यात एकेक अंडं फोडून सोडायचं. ‘अजिबात ढवळू नको’ ही ताकीद त्याच्याबरोबर येतेच, आणि तिचं कारण आता उघड आहे. जाळी विणली जात असताना चमचा फिरवला की तिचे तुकडे होतात आणि रस्सा गढूळतो. कोकणात त्यात आमसूल पडतं. म्हणजे दाटपणा वाटणातून आला, आंबट आमसुलातून, वाफ झाकणाखालून. ट्युनिशियाशी कसलाही संबंध नसलेल्या चुलीवर तेच तीन उपाय सापडले. फरक इतकाच की कालवणात बलक आपण बहुधा घट्ट होऊ देतो. एकदा आच लवकर बंद करून तो मऊ ठेवून पाहा. भाकरीबरोबर तो रस्सा वेगळाच लागतो.

शकशुका उरवायचा असेल तर फक्त रस उरवा. तो झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतो, मसाला मुरून दुसऱ्या दिवशी जास्तच चांगला लागतो. अंडी मात्र जेवढी खाणार तेवढीच सोडा. पुन्हा गरम करताना आधीच गोठलेला पांढरा भाग आवळतो, त्यात कोंडलेलं पाणी पिळून बाहेर येतं, आणि बलक ७० अंश ओलांडतो. रस परत गरम करताना थोडं पाणी घाला, तो कडेने बुडबुडू लागला की नवी आळी करा, ताजी अंडी सोडा आणि झाकण ठेवा.